बाईसाहेबांचा नकाशा

बाबांनी नकाशा फळ्यावर लावला तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसलं. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. चार कोपऱ्यांना चार टाचण्या टोचल्या, दोन पावलं मागे सरकून कागद सरळ बसलाय का ते पाहिलं, उजवीकडची टाचणी काढून पुन्हा केसभर खाली लावली आणि मग चष्मा पुसत सभेकडे तोंड केलं.

"हा बाईसाहेबांचा एका महिन्याचा फेरा," ते म्हणाले. "प्रमाण एकास पाचशे. उत्तर दिशा वर आहे."

बाईसाहेब म्हणजे बाबांची मांजर. करड्या रंगाची, एका कानाला लहानशी खाच असलेली. आई गेली त्या वर्षी ती कुठून तरी आली आणि राहिली. बाबा तिला अहोजाहो करायचे. "बाईसाहेब, जेवलात का?" "बाईसाहेब, जरा सरकता का?" मला जन्मापासून "अगं" होतं. माझी तक्रार नव्हती. म्हणजे तेव्हा तरी मी तसंच म्हणत असे.

आमची कॉलनी कऱ्हाडला, नदीकडच्या अंगाला. पाच गल्ल्या, चाळीसेक बंगले, मधोमध पाण्याची टाकी. बाबा पहिल्या गल्लीत राहायचे, मी आणि माझे यजमान चौथ्या गल्लीत. आधीच्या महिन्याच्या सभेत मोहित्यांनी ठराव मांडला होता की पाळीव मांजरं मोकळी सोडू नयेत, घराबाहेर काढायची तर पट्टा आणि दोरी लावूनच काढावीत. मोहिते निवृत्त फौजदार आणि कॉलनीचे सेक्रेटरी. त्यांच्या लव्हबर्ड्सच्या जोडीतला एक पक्षी पिंजऱ्यात मरून पडला होता आणि त्यांचा संशय बाईसाहेबांवर होता. शिवाय पेंडसेबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून चार पायांचे ठसे गेले होते. कुत्र्यांना पट्टा लागतो, मग मांजरांना काय वेगळा कायदा आहे का, असं मोहित्यांचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

वीस वर्षांत बाबांनी सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उठले आणि म्हणाले, आरोप आहे तर मोजमाप हवं. मला महिनाभर द्या. सभेला गंमत वाटली. दिले.

मग महिनाभर सगळ्या कॉलनीनं पाहिलं. बाबा पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं आरेखक होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात जन्म गेलेला. पांढरी टोपी, हातात पुठ्ठ्यावर चिमट्यानं लावलेले कागद, मनगटावर घड्याळ, आणि मांजरीच्या मागे पंधरा पावलांवर सत्तर वर्षांचा माणूस. ती भिंतीवर बसली की ते खाली उभे. ती झोपली की ते वेळ टिपून घ्यायचे. "काय निमकर साहेब, आज कुठली ड्युटी?" म्हणून लोक चिडवायचे, आणि बाबा खरोखरच गल्लीचा नंबर सांगायचे.

संध्याकाळी ते टेबलावर कागद पसरून बसत. आणि ती येऊन कागदावरच बसे. बाबा पेन हातात धरून ती उठायची वाट पाहत. मी लहान असताना त्यांच्या टेबलाखाली बसायचे, पेन्सिलींना टोक काढून द्यायचे. तेव्हा ते मला सांगत, "शरयू, श्वास हळू घे, कागद हलतो." मी घेतला. बरीच वर्षं घेतला.

आता आमच्या घरचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा आजीनं घालून दिलेला नियम होता. आजीच्या पिढीत मुलीला दोन वर्षांत मूल व्हायचं आणि नियम आपोआप संपायचा. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बाबा देवभोळे नव्हते, पण हा नियम त्यांनी खात्याच्या परिपत्रकासारखा पाळला. आमच्या पायरीपर्यंत यायचे, निरोप सांगायचे आणि परत फिरायचे. आत बसले तर पाणी विचारलं जाईल, आणि मग नाही म्हणावं लागेल, म्हणून आतही येत नसत. आई गेल्यावर मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन स्वयंपाक करायचे. त्यांच्या गॅसवर, त्यांच्या पिठाच्या पोळ्या. माझ्या घरून मी एकदा लिंबाचं लोणचं नेलं होतं, ते तसंच बरणीत काळं पडलं. मी नेलेली साय मात्र बाईसाहेबांना चालायची. ती त्यांना माझ्या उष्टावणाच्या चांदीच्या वाटीत मिळायची.

त्या वाटीबद्दल मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "काठ उथळ आहे गं. मिशा लागत नाहीत."

तर सभा. बाबांनी पट्टी हातात घेतली आणि तांबड्या शाईच्या रेघेवरून फिरवायला सुरुवात केली. सहा पस्तीसला बाहेर. पेंडशांच्या कुंपणावर अकरा मिनिटं. पेंडशांच्या गच्चीवर गेल्या महिन्यात तीनदा, त्यातलं एकदाही कुरडयांकडे नाही. ते ठसे आकारानं मोठे आहेत आणि पलीकडच्या वस्तीतल्या बोक्याचे असावेत. आठ वीसला मोहित्यांचं मागचं दार.

"मोहितेवहिनी बांगड्याचं डोकं देतात," बाबांनी वाचून दाखवलं. "रोज नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार."

हॉल हसून हसून कोसळला. मोहितेवहिनींनी पदर तोंडाला लावला. मोहिते बायकोकडे वळून म्हणाले, "आरोपी आपल्याच घरात जेवतोय होय?" आणि तेही हसले. पेंडसेबाई म्हणाल्या, आपल्याला तर वाटत होतं की ती आपलीच आहे, आपण तिला मनी म्हणतो. मागून आणखी कुणी आणखी एक नाव सांगितलं. पक्षी मेला त्या सकाळी मांजर कुठे होती तेही बाबांनी घरोघर विचारून काढलं होतं, ते वेळेनिशी सांगितलं. वारं फिरलं होतं. ठराव पडणार हे मलाही दिसत होतं.

मी भिंतीकडच्या खुर्चीवर होते. आमचं घर आम्हा दोघांच्या नावावर. यजमानांची साखर कारखान्यात पाळी होती म्हणून सभेला मी. मी इतका वेळ बाबांकडे पाहत होते. त्यांचा आवाज मी एवढा मोकळा कधी ऐकला नव्हता. बारावीनंतर मला पुण्याला शिकायला जायचं होतं. तेव्हा आजी म्हणाली, मुलीला एकटीला पाठवायची पद्धत नाही. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. माझ्यासाठी त्यांनी कधी कुणाकडून महिना मागून घेतला नव्हता, मोजमाप केलं नव्हतं, चार लोकांसमोर उभं राहून ही जाते ती परत येते, हिला बांधू नका, असं म्हटलं नव्हतं.

पट्टी पुढे सरकली. तांबडी रेघ टाकीपाशी आली, तिथून उजवीकडे वळली, चौथ्या गल्लीत शिरली आणि एका घराशी थांबली. तिथं वर्तुळ होतं. बाकी घरांवर प्लॉटचे नंबर होते. याही घरावर नंबर होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शरयू.

"दोन दहा ते तीन," बाबा म्हणाले. "इथं त्यांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. पन्नास मिनिटं." एवढं मात्र त्यांनी कागदाकडे पाहून सांगितलं.

मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. दुपारी एक ते चार माझी खुर्ची खिडकीशी असते, समोर फाटक, फाटकापलीकडे रस्ता आणि बुचाचं झाड. त्या खिडकीतून कावळा हलला तरी दिसतो. मांजर आमच्याकडे कधीच आली नव्हती.

मी उठले.

"बाबा, ही रेघ चुकीची आहे," मी म्हणाले.

बाबांनी पट्टी खाली घेतली.

"मी रोज दुपारी घरी असते. खिडकीत असते. ही मांजर आमच्याकडे एकदाही आलेली नाही. एकदाही."

"म्हणजे नकाशा खोटा?" मोहित्यांनी विचारलं. फौजदाराचा आवाज परत आला होता.

"आमच्या घरापुरता तरी खोटा आहे."

"एक ठिकाण खोटं, तर बाकीच्यांचं काय सांगावं? निमकर साहेब, तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते चिडतील. मला ते हवंही होतं. मी वाट पाहिली.

"नाही," ते म्हणाले, आणि टाचण्या काढायला लागले.

मतदान झालं. हात वर करणाऱ्यांत मी होते. ठराव थोडक्यात मंजूर झाला. बाबांनी नकाशाची गुंडाळी केली, तिला रबर लावलं आणि मोहित्यांना विचारलं की दोरी किती लांब चालेल. मोहिते ओशाळून म्हणाले, तुमच्या सोयीनं घ्या.

ज्या माणसानं जन्मात एक रेघ चुकवली नाही, त्यानं मांजरीसाठी खोटी रेघ मारली, असंच मी त्या दिवशी समजले. माझं एक मत मिळावं म्हणून माझं नाव लिहिलं. मांजरीसाठी हे, आणि माझ्यासाठी सतरा वर्षांत पाण्याचा घोट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत असताना बाबा बाहेरच्या खोलीत नाडी विणत होते. आईच्या परकराच्या नाड्या कपाटात होत्या, त्यातल्या दोन घेऊन त्यांनी छातीवरून आणि पाठीवरून जाणारा पट्टा केला. गळ्यालाच बांधलं तर फास बसेल म्हणून. बाईसाहेबांना तो चढवल्यावर त्या आडव्या पडल्या आणि उठेनात. बाबा शेजारी मोड्यावर बसून राहिले. मी निघाले तेव्हाही दोघं तसेच होते. सभेबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणाले नाहीत, आणि ते त्या दिवशी खरंच कमी होतं.

चार-पाच दिवसांनी मांजर दोरीनं चालायला लागली. कॉलनीनं ही गंमतही पाहिली. मला बरं वाटलं. असं लिहिणं चांगलं दिसत नाही, पण वाटलं. आता तिलाही कळेल, असं काहीतरी माझ्या मनात येत होतं.

नवव्या की दहाव्या दिवशी दुपारी मी सातवीच्या भूगोलाचं मुद्रित तपासत होते. मान वर केली तर समोर बुचाच्या झाडाखाली बाबा उभे होते, हातात दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मांजर, आमच्या घराकडे पाठ करून. ती टाकीच्या दिशेनं ओढत होती. पुढचे पाय रोवायची, मान खाली घालायची आणि सगळं अंग ताणायची. दोरी ताठ. बाबा तिला सोडत नव्हते आणि ओढतही नव्हते. नुसते उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि मग खिडकीकडे.

पडदा अर्धा होता. मी त्यांना दिसले नसेन. मला वाटलं, मला दाखवायला आणलंय तिला, बघ, येते ती तुझ्याकडे. मी मान खाली घातली. एकाच ओळीवरून तीनदा डोळे फिरवले तरी ती कळेना. तीनला बाबा हलले आणि मांजर जवळजवळ पळतच पुढे निघाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. दोन दहाला. मांजरीची पाठ, ताठ दोरी, बाबांचं खिडकीकडे पाहणं. त्या दिवशी मी मांजरीकडे नीट पाहिलं. ज्या जागी ती महिनाभर रोज पन्नास मिनिटं बसत होती म्हणे, त्या जागी तिला क्षणभरही थांबायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी बाहेर जाऊन फाटक उघडलं.

"ऊन आहे," मी म्हणाले.

"झाडाची सावली आहे की."

"रोज येता?"

"दोन दहाला."

"आणि ही?"

बाबांनी मांजरीकडे पाहिलं. मग साइटवरची माहिती वरिष्ठांना द्यावी तसे बोलायला लागले. "बाईसाहेब दुपारी टाकीपाशी झोपतात. व्हॉल्व्हच्या खोलीवर पत्रा आहे, त्याच्या खाली. दोन ते चार. तिथं टिपून घेण्यासारखं काही नसतं. कोपऱ्यावरून त्या डावीकडे जातात."

"आणि तुम्ही?"

त्यांनी दोरीचा एक वेढा बोटाला घेतला. "मी उजवीकडे."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मांजर दचकून बाबांच्या पायाशी आली आणि दोरी सैल पडली.

"तेवढी एकच रेघ आहे," बाबा म्हणाले. "बाकीचं सगळं बरोबर आहे. तू हवं तर तपासून घे."

"आत का नाही आलात?"

कारण मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. मी फाटक धरून उभी राहिले. तेवढ्यात मला आठवलं की महिन्यापूर्वी मला खोकला झाला होता, आणि एका सकाळी त्यांनी न विचारता ज्येष्ठमधाची पुडी माझ्यापुढे ठेवली होती. सकाळी त्यांच्याकडे मला कधी खोकला आला नव्हता. तो यायचा दुपारी, खिडकीशी बसल्यावर.

"या," मी म्हणाले. "त्यांनाही घेऊन या."

त्यांनी पायरीवर चपला काढल्या, डाव्या-उजव्या नीट लावल्या. दोरी व्हरांड्यातल्या गजाला बांधली. आत आले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. खिडकीशी माझी खुर्ची होती तिच्यावर बसले आणि बाहेर पाहिलं.

"इथून झाड दिसतं," ते म्हणाले.

"हो."

"मग मी दिसत असेन."

"परवापासून दिसता. त्याआधी मी वर बघत नव्हते."

त्यांनी मान हलवली. टेबलावरच्या मुद्रितावर हात ठेवून तो काढून घेतला, जणू कागद हलेल. मग म्हणाले, "शरयू, पाणी दे."

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि परत वळले. "माठातलं देऊ की फिल्टरचं?" मी विचारलं. तेवढंच सुचलं.

"माठातलं."

त्यांनी फुलपात्र वर धरून न थांबता संपवलं. मी आणखी आणू का म्हणून विचारलं. ते हो म्हणाले.

पुढच्या सभेत ठराव मागे घ्यावा अशी सूचना मी मांडली. म्हणाले, नकाशा बरोबर होता, चूक माझी झाली होती, ती आमच्याकडे येते. हे खोटं नव्हतं. दोरीनं का होईना, त्या महिन्यात ती रोज येत होती. मोहित्यांनी भुवया उंचावून विचारलं, "अन् बाई, त्या दिवशी काय झालं होतं मग?" मी म्हणाले, त्या दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं. मोहितेवहिनींनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. मोहिते त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग स्वतःचाही केला. लव्हबर्ड्सचा पिंजरा आता घरात ठेवतो, म्हणाले.

सभा सुटल्यावर त्याच सकाळी बाबांनी पट्टा काढला. बाईसाहेब उंबऱ्यावर बसून बराच वेळ अंग चाटत राहिल्या आणि मग भिंतीवरून निघून गेल्या. दुपारी मी कामाला बसले, पण लक्ष नव्हतं. आता दोरी नव्हती. म्हणजे कारणही नव्हतं.

दोन दहाला फाटकाची कडी वाजली. बाबा एकटे होते.

"बाईसाहेब?" मी विचारलं.

"त्यांना त्यांची कामं असतात," ते चपला काढत म्हणाले. "चहा टाक."

पुढे सहा वर्षं ते येत राहिले. शेवटचे काही महिने रिक्षानं आले. आजीचा नियम मोडला असं आमच्यातलं कुणी कधी बोललं नाही. बाबा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. बाईसाहेब मोहितेवहिनींकडे राहतात. म्हाताऱ्या झाल्यात, बांगड्याचं डोकं आता कुस्करून द्यावं लागतं. नकाशा मी चौकटीत बसवून खिडकीशेजारी लावला आहे. तपासण्याची सवय जात नाही, म्हणून मी एकदा तोही पट्टी लावून तपासला. बाकी सगळं खरोखरच बरोबर आहे. टाकीपासून आमच्या घरापर्यंतची रेघ इतरांपेक्षा जराशी जाड आहे. तिथं त्यांनी पेन दोनदा फिरवलं असावं.

मांजर आपणहून आमच्याकडे कधीच आली नाही.